शब्दांच्या पत्त्यांचा डबा कोणाकडे जावा याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा बॅगा आणि पर्सा दुरुस्तीचा, गल्लीत बॅगवाली ताई म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न धाकट्या बहिणीने करून पाहिला, पण तिला ते लहानपणापासून जमलेले नाही. जगण्याचा भरवसा नाही असे अशा कागदात लिहायची पद्धत आहे, तेही लिहिले असे समजावे. मी सांगत गेले तसे वकीलबाईंनी टाइप केले आहे. शेवटचे कलम तेवढे मी माझ्या हाताने लिहीन.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या कमाईचे आहे. ते धाकट्या बहिणीला तिच्या हयातीपर्यंत आणि नंतर भाचीला मिळावे. आईचे शिवणयंत्र बहिणीने 'दोन दिवसांसाठी' म्हणून नेले ते आजतागायत तिच्याकडेच आहे. तेही मी तिला रीतसर देते, म्हणजे ते वापरताना तिला चोरट्यासारखे वाटणार नाही. वाटत असेल असे नाही म्हणा.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीला. तिने ते स्वतःवर उधळावे. काटकसर आमच्या घराण्यात मी एकटीने सगळ्यांच्या वाट्याची करून ठेवली आहे.

कलम ३. दुकानातली हत्यारे, म्हणजे टोचे, चामड्याची कात्री, चेनचे रनर ठेवलेले खण आणि शिलाईचे मोठे मशीन, ही सगळी माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंना द्यावीत. अट एकच. गिऱ्हाइकाची बॅग उघडण्याआधी 'आत काही राहिलंय का?' असे विचारायचे आणि तो आत बघेपर्यंत आपण दुसरीकडे बघायचे. लोकांच्या बॅगांत काय काय असते ते मला ठाऊक आहे, पण मी ते कधी बोलले नाही, त्यांनीही बोलू नये.

कलम ४. शब्दांच्या पत्त्यांचा खेळ, डब्यासकट. हे कलम लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, "एका खेळासाठी इतकं?" मी म्हणाले, घराचे दोन ओळींत आटोपले ना, मग.

बहीण, भावजी आणि भाची दुकानाच्या सुट्टीच्या वारी संध्याकाळी माझ्याकडे येत असत. भावजी शिक्षक. ते भिंतीकडे बघून बातम्या सांगत, बहीण माझ्या स्वयंपाकघरातल्या चुका काढी, भाची मोबाइलमध्ये डोके घालून बसे. चार माणसे असून घर ओस वाटे. म्हणून मी एक दिवस खेळण्यांच्या दुकानात गेले.

तिथल्या मुलीने आधी साधे पत्ते दाखवले. ते मला चालणार नव्हते, कारण माझ्या दुकानाशेजारी ज्यांचे कुलूप-किल्ल्यांचे दुकान आहे त्यांच्या वडिलांनी पत्त्यांपायी घर घालवले होते, आणि हे गृहस्थ पत्त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मग तिने अक्षरे जुळवून शब्द करायचा खेळ काढला. त्यात भावजी सगळ्यांना शाळेत बसवणार आणि किल्लीवाले, ज्यांची शाळा लवकर सुटली, गप्प होऊन घरी जाणार. तोही नको. मुलगी म्हणाली, "मावशी, ते शेजारी तुमच्याकडे खेळायला येतात का?" मी म्हटले, अजून नाही.

मग तिने हा डबा काढला. यात एक जण पंच होतो. तो गुणाचा एक पत्ता उघडतो, 'कडक' किंवा 'भित्रं' किंवा 'महागडं'. बाकीच्यांनी आपल्या हातातल्या वस्तूंच्या पत्त्यांपैकी त्या गुणाला जुळेल असा एक पत्ता पालथा टाकायचा. पंच सगळे पत्ते एकमेकांशी ताडून बघतो आणि त्याला पटेल तो जिंकवतो. मुलगी म्हणाली, "यात खूप शब्द येऊन काही फायदा नाही मावशी. पंच कसा आहे हे ज्याला ठाऊक, तो जिंकतो." मी तिथेच पर्स उघडली. ती पुढे म्हणाली की पाच जण असले की खरी मजा येते, आणि आम्ही होतो चौघे. हे तर देवच पावल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या दोन दुकानांमधल्या भिंतीवर थाप मारली. चहा आला की मी नेहमीच मारते. किल्लीवाले आले. खेळायला बोलावले तेव्हा म्हणाले, "अहो, मला काय येतंय त्यातलं?" मी म्हटले, "अहो, कोणाला येतंय?" अख्खी गल्ली मला ताई म्हणते, ते कधीच म्हणाले नाहीत. एकमेकांना 'अहो' म्हणण्यातच आमची उमर गेली. त्यांची बायको मुलगी लहान असतानाच वारली होती. मला बहिणीचे लग्न करून द्यायचे होते, त्यांना मुलीचे. दोन्ही लग्ने पार पडली तोवर आम्हा दोघांनाही सुईत दोरा ओवायला चष्मा लागू लागला होता.

डब्यात काही कोरे पत्ते होते, आपापल्या घरातले शब्द लिहायला. बहिणीने लिहिले 'ताईचा हट्ट'. भाचीने लिहिले 'बाबांचं घोरणं'. किल्लीवाल्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवले आणि लिहिले 'मधली भिंत'. तो पत्ता त्यांच्या हाती आला की माझी पंचाची पाळी येईपर्यंत ते तो जपून ठेवत. मी 'सुरेल' उघडला तरी 'मधली भिंत', 'चविष्ट' उघडला तरी 'मधली भिंत'. मी दरवेळी तोच जिंकवला. सुरेल का, तर तिच्यातून किल्ली घासणाऱ्या त्यांच्या कानशीचा आवाज येतो. चविष्ट का, तर चहा तिच्यामुळे मिळतो. भावजी खुर्चीतून उठून म्हणत, "हा उघडउघड पक्षपात आहे." भावजींचा हा आरोप मी या कागदाद्वारे फेटाळते. नियमात पंचाचा निकाल अंतिम असे छापलेले आहे, वाचून घ्यावे.

एकदा मी पत्ता उघडला तो निघाला 'नकोसं'. पालथे पत्ते सुलटे केले. त्यात 'मधली भिंत' होती. बहीण हसली आणि भावजी म्हणाले, "चला, एकदाची जुळली." मी मान वर केली नाही, पत्ता जिंकवला. किल्लीवाल्यांनी तो उचलला आणि पाणी मागितले. मी पाणी दिले. त्यानंतर त्यांनी काही विचारले नाही, मीही नाही. ती संध्याकाळ मला अजून हवी आहे. तीच पुन्हा, पाण्याच्या पुढची.

कलम ५. मागच्या वर्षी मी दुकानात चक्कर येऊन पडले. त्यांनी मला दवाखान्यात नेले. खिडकीवर विचारले, "पेशंटचे कोण तुम्ही?" ते म्हणाले, "शेजारी." त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले. बहीण घरच्या चपलांवर धावत आली आणि सरळ आत आली. तिचा हक्कच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. दवाखान्यातून मला सोडले तेव्हा ते त्याच बाकावर, माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आत पडल्या पडल्या मी दाराकडे बघत होते, हे बहिणीला आज कळेल.

पुढे बहीण एकदा म्हणाली, "ताई, तू गेल्यावर ते आले तर आम्ही काय बोलायचं त्यांच्याशी? कोण लागतात ते आपले?" तिने वाईट मनाने विचारले नाही. म्हणूनच ते मला जास्त लागले. मी डोळे मिटले की त्यांच्यासाठी माझे दारही मिटणार, हे मला तेव्हा कळले.

म्हणून हा डबा, घरी लिहिलेल्या पत्त्यांसकट, किल्लीवाल्यांच्या मालकीचा होईल. बाकीच्यांना खेळायचे असेल तर त्यांना बोलवावे लागेल किंवा त्यांच्याकडे जावे लागेल. भाचीला खेळाचे वेड आहे, ती जाईल. ती गेली की तिची आई मागोमाग येईल आणि भावजी भांडायला तरी येतीलच.

कलम ६. (हाताने लिहिलेले.) आज सह्यांसाठी सगळे जमलो. साक्षीदार म्हणून मी किल्लीवाल्यांनाच बोलावले होते. गॅसची नळी असो की बँकेचा कागद, इतकी वर्षे हाक त्यांनाच मारायची सवय, दुसरे कोणी सुचलेच नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचे पेन घेऊन आले. वकीलबाईंनी हात पुढे करून त्यांना थांबवले. म्हणाल्या, "यात तुम्हाला काही मिळतंय. तुम्ही साक्षीदार झालात तर ते तुम्हाला मिळणार नाही."

त्यांनी काय मिळतेय हेही विचारले नाही. म्हणाले, "मग नको मला काही. सही करतो मी. त्यांचं काम अडायला नको."

मी म्हटले, "अहो, ठेवा ते पेन. मला द्यायचंय."

त्यांनी पेन खिशात ठेवले. वकीलबाईंनी कागद चाळला आणि म्हणाल्या, "यांच्यापुढे नात्याची जागा रिकामी आहे. काय लिहू?"

बहीण माझ्याकडे बघत होती. ते खाली बघत म्हणाले, "शेजारी लिहा."

वकीलबाईंनी लिहिले. मी कागद ओढून घेतला. सबब, कलम ५ खाली नात्याच्या जागी लिहिलेला 'शेजारी' हा शब्द मी स्वहस्ते खोडला असून तिथे 'माझे माणूस' असे लिहिले आहे. खोडाखोड माझी आहे, पूर्ण शुद्धीत केलेली आहे, बाजूला माझी सही आहे. कोणी विचारले तर ती दाखवावी.

सही : बॅगवाली
साक्षीदार १ : समोरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई
साक्षीदार २ : वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, ऐनवेळी बोलावून आणलेल्या
ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो, वार दुकानाच्या सुट्टीचा
हजर, पण सही न केलेले : किल्लीवाले. नाते वर लिहिले आहे.