पानाच्या माथ्यावरची तीन अक्षरं

† जे. एम. जे.

ऑल्डरशॉ,
रविवार, दुपार

प्रिय नोरीन,

सात वर्षांनी तुला लिहिते आहे, आणि तेही अकरा मिनिटांच्या अंतरावरून. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. संध्याकाळी फिरायला निघेन तेव्हा तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवेन. त्या फटीची पट्टी किती कडक आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. दर निवडणुकीत तुझ्या घरचं पत्रक मी दुसऱ्या कुणाला टाकू दिलं नाही. लाकडी उलथन्याने आत ढकलायचं आणि घंटी न वाजवता परतायचं, असं चाललं होतं. उलथनं तेच आहे, तू दिलेलं. पहिल्या निवडणुकीत मिसेस हेगच्या कुत्र्याने पत्रकाबरोबर माझं बोटही आत ओढलं होतं, आठवतं? दुसऱ्या दिवशी तू ते घेऊन आलीस आणि म्हणालीस, "घे, याने ढकल. बोटं नसलेली नगरसेविका तुझ्या पक्षाला चालेल गं, पण रविवारी ऑर्गन कोण वाजवणार?" एकोणीस वर्षांत त्याच्या टोकाला इतके दात लागलेत की आता ते कंगव्यासारखं दिसतं.

मी हरले हे तुला कळलंच असेल. एका मताने. गावात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. शुक्रवारी दुपारी खाटकाने न मागता दोन सॉसेज जास्त घातले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आता सांत्वनाच्या यादीत गेले. पण नोरीन, खरं सांगू? या वेळी फिरताना मला भीती कमी वाटली आणि कुतूहल जास्त. पन्नास वर्षं आपला वॉर्ड मजूर पक्षाचा. आमच्याकडून खांब जरी उभा केला तरी निवडून येईल, असं तुझा केन चिडून म्हणायचा. आणि आता दारोदार माणसं हसून, चहाला बोलावून, बिस्किटाची बशी पुढे करून सांगत होती की या वेळी नाही. ज्यांना मी बाळपणापासून ओळखते ती माणसं रात्रीतून बदलली की हळूहळू, आणि मग मी इतकी वर्षं कुठे बघत होते, हे मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून मी वाद घालायचा सोडला आणि नुसतं विचारत गेले.

चौऱ्याऐंशी वर्षांचे हॅरल्ड टॅटरसॉल आमच्या पक्षाच्या लाल रंगाबद्दल म्हणाले, "बाई, माझा बाप लाल होता म्हणून मी लाल. त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली. आता तरी मला मोकळं होऊ द्या की!" मासे-चिप्सच्या दुकानातल्या मिसेस लोमॅक्सच्या खिडकीत आधी आमचं पोस्टर असायचं, मग पिवळ्या रंगाच्या पक्षाचं आलं, आता नव्या पक्षाचं. मला वाटलं, केवढा हा विचारांचा प्रवास. विचारलं, तर म्हणाली, "विचार कसले गं उना? काचेला तडा गेलाय. जो आधी पोस्टर आणील त्याचं लावते, वारा तरी अडतो." केनच्या हुजूर पक्षाला तर एकशे बारा मतं पडली. त्याला हे बघावं लागलं नाही, हेच बरं. त्याच्या अंत्यविधीला ऑर्गन मीच वाजवला होता. तू मागे वळून वर पाहिलं नाहीस, त्यामुळे तुला कदाचित माहीत नसेल. शेवटची धून मी दोनदा वाजवली, तू दारापर्यंत पोचायला वेळ लागत होता म्हणून.

आता तरणतलावाचं. ते टाळून हे पत्र लिहिता येणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या हातचे स्कोन खात मी शब्द दिला होता की तलाव बंद करायच्या ठरावाला मी विरोध करीन. मग पक्षाचा आदेश आला, आणि त्या गुरुवारी मी हात वर केला. तू वर प्रेक्षकांत बसली होतीस, पोहण्याचा शेवटचा वर्ग शिकवून तशीच आलेली, केस ओले. नंतर जिन्यात तू एवढंच म्हणालीस, "उना, तुझा हात कापत होता. मला वाटलं, खाली येईल. पण नाही आला." त्या महिन्यात मी तुला दोन पत्रं पाठवली, कौन्सिलच्या कागदावर, छताच्या दुरुस्तीचे अंदाज आणि बॉयलरचे आकडे घालून. दोन्ही तू न उघडता परत केलीस. पुढे चर्चमधल्या प्रार्थनेला तू शनिवार संध्याकाळची मिसा धरलीस आणि मी रविवार सकाळची. एका गावात राहून दोन बायका एकमेकींना सात वर्षं कशा चुकवू शकतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि माझ्यासमोर उभा कोण राहिला, तर क्रेग पिलिंग. पाण्याला भिऊन तलावाच्या कठड्याला चिकटून बसणारा तुझा तो क्रेग. हनुवटीखाली हात धरून धरून तू त्याला तरंगायला शिकवलंस. आता तो लोकांची छपरं दुरुस्त करतो, आणि नव्या पक्षाचं रिबिनीचं फूल छातीवर लावून एकच गोष्ट सांगत फिरत होता: तलाव पुन्हा उघडू. त्याच्या पक्षाच्या बाकीच्या गोष्टी मला पटत नाहीत, आणि मला वाटतं त्यातल्या निम्म्या त्यालाही पटत नाहीत. एकदा कोपऱ्यावर आम्ही समोरासमोर आलो, तर म्हणाला, "मिस उना, तुमच्या छपराची पन्हळ गळतेय हं. निवडणूक होऊ द्या, बघून जातो. कुणीही जिंको." मी म्हटलं, "तू जिंकलास तर वेळ कुठे मिळणार तुला?" तो म्हणाला, "म्हणजे गळणारच म्हणा की!" मला त्याचा राग यायला हवा होता. येईना.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी मत दिलं, चर्चच्या सभागृहात. तेच सभागृह, तीच डुगडुगणारी टेबलं, जिथे आपण कॉन्व्हेंटच्या परीक्षा दिल्या. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल, समोर कागद, आणि पाठीमागे ती चिडीचूप शांतता. क्षणभर वाटलं, आता सिस्टर इमेल्डा रांगांमधून फिरत येईल. तिचा नियम तुला आठवत असेलच: कुठलंही पान सुरू करताना माथ्यावर छोटा क्रूस काढायचा आणि शेजारी तीन अक्षरं, जे. एम. जे. जीझस, मेरी, जोसेफ. लिहिलं नाही तर बोटांच्या पेरांवर पट्टी. आम्ही तीस जणी मुकाट्याने लिहायचो. फक्त तू शिवणाच्या वहीवर कधी लिहिलं नाहीस. सिस्टरने सगळ्यांसमोर जाब विचारला, तर म्हणालीस, "सिस्टर, टाके मला एकटीला घालता येतात. देवाला मी गणिताला बोलावते." अकरा वर्षांची होतीस. पट्टी खाल्लीस, पण शिवणाच्या वहीचा माथा शेवटपर्यंत कोराच ठेवलास.

शुक्रवारी सकाळी क्रीडाभवनात मोजणी झाली. बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडलेली, आणि छताला अडकलेलं कुणाचं तरी खेळातलं जुनं फूल. पहिल्या मोजणीत क्रेग एका मताने पुढे. दुसऱ्या मोजणीतही तेच. मग धरलेल्या आणि वगळलेल्या सगळ्या संशयित मतपत्रिका पुन्हा तपासायला काढल्या. निवडणूक अधिकारी मिसेस बॅनिस्टर एकेक पत्रिका उचलून आम्हा उमेदवारांना दाखवत होत्या. एकाने सगळ्या नावांना मिशा काढल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, "सगळे एकाच माळेचे मणी." ती दोन्ही बाद. मग तिसरी आली, दोन्ही मोजण्यांत क्रेगकडे धरलेली. क्रेगच्या नावापुढे स्वच्छ, ठाशीव फुली. आणि कागदाच्या माथ्यावर, अगदी बारीक, एक क्रूस आणि तीन अक्षरं. दोन्ही 'जे' मासे पकडायच्या गळासारखे, शेपटीला उलटा आकडा असलेले.

पत्रिकेवर ज्यावरून मतदार ओळखता येईल अशी खूण असेल, तर मत बाद होतं. हे मत बाद झालं असतं, तर आमची बरोबरी झाली असती आणि चिठ्ठ्या टाकून निकाल लागला असता. माझा प्रतिनिधी ट्रेव्हर ऑग्डन माझ्या कानात कुजबुजला, "ही कुणाची तरी आद्याक्षरं आहेत उना. बोल. नुसतं बोल." क्रेगच्या माणसाने उसळून म्हटलं, "आद्याक्षरं कसली? क्रूस आहे तो! देवाचं नाव घेतलं म्हणून कुणाचं मत बाद करता?" मिसेस बॅनिस्टरनी चष्मा काढला आणि विचारलं, "या खुणेवरून मत कुणाचं आहे, हे इथे कुणाला सांगता येईल का?"

नोरीन, आपल्या वर्गात एकतीस जणी होत्या. आयलीन आणि दोघी जुळ्या बहिणी गेल्या, ब्रायडी कॅनडात, बाकीच्या जिथे जिथे संसार झाले तिथे. आपल्या वॉर्डात उरल्या दोघी. त्यांतलं एक मत मी स्वतःला दिलं होतं.

मी म्हटलं, "नाही."

मत ग्राह्य धरलं गेलं. क्रेगने माझा हात दोन्ही हातांत धरला. ट्रेव्हर गाडीत बसेपर्यंत धुमसत होता. "आद्याक्षरं होती ती, उना! ढळढळीत!" मी म्हटलं, "असतील बाबा. कुणाची ते मला काय ठाऊक?" एका सकाळीत दोनदा खोटं बोलले. काल दुपारी, तू मिसेला यायच्या आधी, फादर डॉमिनिककडे जाऊन पापनिवेदन केलं. खोटं बोलले एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याने कुणाचं नुकसान झालं का?" मी म्हटलं, "माझंच झालं, फादर." त्यांनी खुर्ची जाळीजवळ ओढली. मग म्हणाले, "हे असलं मी पहिल्यांदाच ऐकतोय."

हे सगळं तुला लिहायची मला मुभा नाही. मोजणीत जे दिसलं ते बाहेर बोलायचं नसतं. तेव्हा वाचून झालं की शेगडीत टाक. पण दोन दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. ती अक्षरं तू सवयीने लिहिलीस? त्या टेबलाशी, त्या शांततेत, हात आपोआप वर गेला असेल? की मुद्दाम लिहिलीस? माझ्या पहिल्या मोजणीला तू माझ्याबरोबर आली होतीस. अशी मतं उमेदवारांना दाखवतात, हे तुला माहीत आहे. मला दिसावं म्हणून लिहिलंस का? 'हे मीच केलं, उना, मला लपायचं नाही,' असं? रागावले नाही मी. तुझ्या जागी असते तर मीही क्रेगलाच मत दिलं असतं. फक्त जाणून घ्यायचं होतं, आणि कुठल्या बाजूने विचार करावा ते कळेना.

आज सकाळी मिसेच्या वेळी ऑर्गनवर बोटं ठेवली आणि एकदम ती शिवणाची वही आठवली. जे काम तुला एकटीला जमायचं, त्या पानावर तू कधी देवाला बोलावलं नाहीस. म्हणजे माझ्याविरुद्ध फुली मारणं तुला एकटीला जमत नव्हतं. सवय असो की मुद्दाम, तुला ते अवघड गेलं. सात वर्षं मला वाटत होतं, तुझ्या लेखी मी संपले. संपलेल्या माणसाविरुद्ध मत द्यायला कुणी देवाला हाक मारत नाही. हे कळलं आणि मी दोनदा चुकीचा सूर लावला, गायकवृंदाने माना वळवून पाहिलं. म्हणून हे पत्र. यात बॉयलरचे आकडे नाहीत. पक्षाचा आदेशही नाही. मी तुला शब्द दिला होता आणि मोडला. मी चुकले, नोरीन. हे एवढं लिहायला मला सात वर्षं लागली, आणि एकटीला ते आजही जमलं नसतं. या पत्राचा माथा बघ, म्हणजे तुला कळेल. कौन्सिलच्या बैठकांतून सुटले, तेव्हा गुरुवार दुपार आता माझी मोकळी असते. उत्तर लिहावंसं वाटलं, तर एकच मागणं आहे: तुझ्या पानाचा माथा कोरा ठेव. म्हणजे मला समजेल की ते तुला सोपं गेलं.

तुझीच, एकाच बाकावरची,
उना