मनीषाचा डावा हात

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत.

मनीषाचा राग येतोय, आणि तिनं माझं काहीच वाईट केलेलं नाही.

माथेरानच्या एका हॉटेलची बुकिंगची वेबसाइट गर्दीत टिकते का, ते मी तपासतेय. त्यासाठी हजार खोटी गिऱ्हाईकं एकदम सोडायची. पण तीन दिवस तीनशेवरच लॅपटॉपची मेमरी भरायची आणि चाचणी बंद पडायची. मी चाचणीच्या सॉफ्टवेअरला मेमरी वाढवून देत राहिले. जितकी दिली तितकी त्यानं खाल्ली.

आज मनीषा शेजारी डबा खात होती. खालापूरकडची पोरगी, नोकरीला लागून सहा महिने. मला आठ वर्षं. उजवा हात भाकरीत, म्हणून डाव्या हातानं तिनं माझा माउस ओढला. "ताई, ही निकालाची खिडकी चालू कशाला ठेवलीस गं? आलेलं पान न् पान साठवत बसलंय हे." खिडकी बंद केली, अजून दोन ठिकाणी क्लिक केलं. हजारच्या हजार पार. डाव्या हातानं.

मी का ठेवली होती ती खिडकी? एकेक गिऱ्हाईक पार झालं की तिच्यात हिरवी खूण पडायची, ते बघायला बरं वाटायचं, म्हणून.

सर आले तेव्हा तीच म्हणाली, "ताईनं केलं हाय." उपकार केला? की तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही? हेच जास्त लागतंय. आणि मी ते श्रेय घेतलं.

उद्या दहा वाजता मी सगळ्यांना ते समजावून सांगायचंय, असं सर म्हणाले. म्हणजे आता मनीषाला फोन करून विचारायचं, खिडकी बंद केल्यावर डाव्या हातानं आणखी काय केलंस गं.