वजनाचा रकाना

सोलापूर,
५ मे २०२४

चि. सिद्धेश्वरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला मे महिन्यात उत्तर देतोय, याबद्दल आधी माफी. परीक्षा आणि निवडणुकीची ड्युटी ही कारणं खरी आहेत, पण ती तीन महिने पुरत नाहीत हे तुलाही कळतं. फोन करता आला असता. पण फोनवर तू एक प्रश्न विचारतेस आणि मी तीन उत्तरं देतो, म्हणून पत्रच बरं.

मैंदर्गीच्या आपल्या तालमीच्या शताब्दीचा कार्यक्रम ९ जूनला ठरला आहे. दारावरच्या खेळाडूंच्या फलकावर नवी नावं चढणार. मोटारींच्या शर्यतीसाठी तुझं घ्यावं का, हे ठरवायला आमची तिघांची समिती बसली: तुझे अज्जा म्हणजे आमचे अप्पा, जिम चालवणारे पृथ्वीराज आणि मी. पृथ्वीराज म्हणाले, पळते गाडी, दमतं इंजिन, मग फलकावर इंजिनाचंच नाव घाला की. एसटीचा ड्रायव्हर रोज अक्कलकोट-सोलापूर करतो, त्याला कुणी गदा देत नाही, असंही म्हणाले. अप्पा नुसते सुपारी कातरत बसले. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. दोन ‘नाही’ निघाल्या, एक ‘होय’.

तेव्हा समितीचा निर्णय नकाराचा आहे. मनाला लावून घेऊ नकोस. कार्यक्रमाला मात्र नक्की ये. काकू तुझ्यासाठी शेंगाची चटणी कुटणार आहे.

या निकालाचा राग आमच्यावरच्या मायेतून वजा करू नकोस, ही विनंती.

तुझा,
गुरुशांतकाका

---

कोइमतूर,
१४ मे २०२४

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. समिती काय म्हणाली ते कळलं, काका काय म्हणाले ते कुठेच सापडलं नाही.

तरी मी जुळवून पाहिलं. तीन माणसं, दोन नकार. एक पृथ्वीराजकाकांचा. दुसरा तुमचा असणं शक्यच नाही, कारण शाळेत असताना मला पहिल्यांदा गो-कार्ट चालवायला तुम्हीच नेलंत आणि घरी कुणाला सांगितलं नाहीत. म्हणजे तो अज्जांचा. मी त्यांना दर रविवारी फोन करते, परवा केला नाही. पुढेही करणार नाही.

तुमच्या माहितीसाठी: ब्रेकवर प्रत्येक वळणाआधी पन्नास-साठ किलोचा जोर लावावा लागतो, आणि वळणावर डोकं हेल्मेटसकट बाहेर ओढलं जातं. अंगावर तीन थरांचा सूट. शनिवारी दोन शर्यतींआधी माझं वजन ५६ किलो होतं, नंतर ५४ किलो २०० ग्रॅम. आले पाचवी, तो भाग वेगळा. एसटीच्या ड्रायव्हरबद्दल मला आदर आहे, पण त्याच्या मागे अकरा एसट्या त्याला मागे टाकायला टपलेल्या नसतात. अक्कलकोट रोडवर असतातही म्हणा.

आणि काका, त्याच फलकावरची सातवी ओळ एकदा वाचून या. गुरुशांत रुद्रप्पा, बुद्धिबळ, ५८ किलो. तुम्ही विद्यापीठात तिसरे आलात म्हणून अज्जांनी हौसेनं लिहून घेतलेली. रकाना आहे म्हणून वजनासकट! तेव्हा तुम्ही उभं राहून खेळला होतात का?

तिथे टाळ्या वाजवायला म्हणून मी येणार नाही. नाव नाही तर मीही नाही. चटणी पार्सलने पाठवली तर चालेल, तिच्याशी माझं भांडण नाही.

काकूला नमस्कार, आणि तुमच्यावर अजून तरी पूर्वीइतकाच जीव असलेली,

सिद्धी

---

मैंदर्गी,
२० मे २०२४

चि. गुरुशांत यास आशीर्वाद.

शिद्दीचा दोन रविवार फोन न्हाय. काल मीच केला, तर म्हनली, अज्जा तुमी मला नको म्हनला. मी काय बोललो न्हाय. चिठ्ठी टाकली की ती उघडून दावायची नसती. पन तुला सांगतो, मी व्हय लिवलं हुतं. मग न्हाय कोनाकोनाचं, ते तूच बघ. तू प्रोफेसर हायस.

दिवाळीत पोरगी पाया पडली तवा पाठीवर हात ठेवताना तिची मान लागली हाताला. पैलवानाची मान हाय ती. साठ वर्सं माना बघतोय की मी. नुसतं बसून अशी मान हुत न्हाय.

येत्या रविवारी दुपारी दोनला हितं ये. आपली जुनी गाडी सकाळपासनं उन्हात हुबी करतो. येताना हेल्मेट आन, पृथ्वीराजलाबी आन. चादरी हितं हायत. शंकरप्पाच्या आडतीवरचा काटा मागवलाय. लई जेवून येऊ नको.

पोरीचा फोन यावा, यवढंच मागनं हाय माझं.

रुद्रप्पा

---

सोलापूर,
२७ मे २०२४

चि. सिद्धीस आशीर्वाद, वि. वि.

आधी मुख्य गोष्ट, नाहीतर मी पुन्हा पानभर आडवळणं घेईन. दुसरा ‘नाही’ माझा होता. अज्जांनी ‘होय’ लिहिलं होतं, आणि तुझा राग ते माझ्याऐवजी गुपचूप सोसत राहिले.

चिठ्ठी लिहिताना मी स्वतःला सांगितलं, की ज्याचं शरीर काम करतं तोच खेळाडू, आणि निःपक्षपाती राहायचं तर घरच्या मुलीलाही हाच नियम. ऐकायला चांगलं वाटतं. खरं कारण ती सातवी ओळ. पंचवीस वर्षं मी तालमीत मागच्या दारानं जातो, कारण पुढच्या दारावर माझं वजन वाचून पोरं हसतात. त्याच घरातलं बसून खेळणारं दुसरं नाव चढलं तर पुन्हा हसतील, ही भीती होती. तुझ्या खेळाचा मी विचारच केला नव्हता.

आता रविवारचं ऐक. मी गाडीत बसलो. काचा बंद, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, अंगाभोवती दोन सोलापुरी चादरी. बाहेर बेचाळीस अंश. शेजारी अप्पा नुसत्या धोतरात. अर्धा तास ठरला होता. थोड्या थोड्या वेळानं अप्पा ‘वळण’ म्हणायचे आणि तळव्यानं माझं हेल्मेट खिडकीकडे रेटायचे. मी मान सरळ ठेवायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात आहे, पण वस्तादाचा आहे. अकराव्या मिनिटाला मी मराठी विसरून ‘साकु, साकु’, पुरे, पुरे, असं आईच्या भाषेत ओरडत दार उघडलं. शेजारची कमलम्मा समोरच्या ओट्यावर पापड वाळत घालत होती, तिनं शांतपणे विचारलं, की प्रोफेसरांना कुणी कोंडलं होतं का.

काट्यावर दोनशे ग्रॅम उतरले होते. तुझं पत्र मी त्या दिवशी पोचल्या पोचल्या अप्पांना वाचून दाखवलं होतं, त्यामुळे त्यांना तुझा आकडा पाठ. पोरीचे अठराशे, तुझे दोनशे, आणि तुझी गाडी तर उभीच होती की, म्हणाले. मग पृथ्वीराज दंड फुगवत आत गेले आणि सहाव्या मिनिटाला लिंबू सरबत मागत बाहेर आले. त्यांचं मत बदललं आहे. जिममधल्या पोरांना तू मानेचे व्यायाम दाखवावेस, एवढीच त्यांची अट.

चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या, या वेळी उघड्या. तिन्ही ‘होय’.

मग मी म्हणालो, माझी ओळ पुसून टाका. अप्पा एकदम चिडले. म्हणाले, विद्यापीठातला तो शेवटचा डाव खेळून तू पाच तासांनी बाहेर आलास आणि अख्खा तांब्या पाणी एका दमात प्यालास, ते मी दारात उभा राहून बघितलंय. ओळ राहील. मला आठवतही नव्हतं की ते आले होते.

तेव्हा हे वाचून झालं की आधी त्यांना फोन कर, रविवारची वाट पाहू नकोस. माझ्यावर रागावायचं असेल तर ९ जूनला समोर येऊन रागाव. मी पुढच्या दारात उभा असेन.

आता एकच वाद उरला आहे. तुझं कोणतं वजन लिहायचं? अप्पा म्हणतात, पैलवानाचं लिहितात तसं शर्यतीआधीचं. पृथ्वीराज म्हणतात, नंतरचं, कारण पुरावा तोच आहे. मला दोघांचंही पटतं, हा माझा जुना दोष तुला माहीत आहे.

चुकलेल्या काकाला जेवढी माया शिल्लक असेल तेवढी पाठव.

तुझा,
गुरुशांतकाका

ता. क. उद्याचं काम: फलक रंगवणाऱ्या पेंटर प्रभूला विचारणे, वजनाच्या रकान्यात दोन आकडे मावतील का.