बॉनेटवरचा फोन

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
आला फोन! आणि बोटीवरून नवऱ्याचा पहिला प्रश्न काय? "गाडी चालू केलीस का?"
जेवलीस का— नाही. कशी आहेस— नाही. गाडी! लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातलं निम्मं सुजित समुद्रावर. मी म्हटलं, "मीपण आहे हो इथे, माझीही चौकशी करा कधीतरी." हसला नुसता. त्याच्या मागे सगळ्यांचा गलका, ताटल्यांचा आवाज. बोटीवर जेवणाच्या त्या एका खोलीतच नेट लागतं म्हणे. चारचौघांत हा काय बोलणार डोंबल!
मग हुकूम सुटला— "फोन बॉनेटवर ठेव, इंजिनाचा आवाज ऐकू दे. दहा मिनिटं चालू ठेव. टर्बो थंड व्हायला हवा." ठेवला. मी अंगण झाडत राहिले. दहा मिनिटांनी म्हणाला, "छान. कर बंद." आणि नेट गेलं.
मला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
गाडी घेऊन तळ्याच्या बाजारपेठेत गेले, ऑइल बदलायला. गॅरेजवाला दयाराम म्हणतो, "वहिनी, पंधरा-चाळीसचं ऑइल टाकतो. सगळ्या जीपांना तेच घालतो आपण."
मी म्हटलं, नाही. गाडीच्या पुस्तकात फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी लिहिलंय, फुल सिंथेटिक. तेच हवं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, मरणाचा तापतो, सगळा तेलावर जगतो— हे सुजितनेच मला शिकवलंय, लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं तेव्हा. किहीमला समुद्रासमोर बसून टर्बो! किती रोमँटिक नवरा मिळालाय मला.
दयाराम म्हणाला, मागवावं लागेल. मागवा म्हटलं.
ज्या गाडीचा राग राग करते, तिच्यासाठीच भांडून आले. उतरताना सीट परत मागे सारली, त्याच्या मापाला. दर वेळी सारते.

रविवार, ९ नोव्हेंबर
ऑइलचं सांगितलं तर केवढा खूश! "शाब्बास!" म्हणे. एवढा खूश माझ्या वाढदिवसाला झाला नव्हता.
पुन्हा फोन बॉनेटवर. तेवढ्यात मेली तांबडी कोंबडी वाळत घातलेल्या भातात शिरली. तिच्यामागे ओरडत सगळं अंगण पालथं घातलं, तर ती कुंपणातून पसार. वर आई ओटीवरून मला सांगतात, "मळणीच्या मशीनचा डिझेल पडवीत पडलाय कॅनभर, तोच घाल गाडीत. पंपावर कशाला पैसे घालवतेस?" मी म्हटलं, "आई, वर्षभर पडलंय ते, पाणी उतरलं असेल त्यात. तुमच्या लेकाची गाडी आहे, बिघडली तर तो मला घरात घेणार नाही!" आई म्हणाल्या, "तो घरात हाय कुठे?"
दोघीही हसलो. मग आई विस्कटलेला भात सारखा करायला उठल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
उगाच जाऊन गाडीत बसले. चालू नाही केली. त्याचं जुनं जॅकेट मागच्या सीटवर आहे अजून. धुवायचं नाहीये मला ते.

रविवार, १६ नोव्हेंबर
आज म्हणतो, "पंधरा मिनिटं ठेव, आता थंडी पडली." बरं बाबा! ठेवते!
मग सहज विचारतो, "तांबडी सापडली का?"
हो, म्हटलं, दुसऱ्या दिवशी आली आपली आपण. फोन ठेवल्यावर आठवलं— मी त्याला तांबडीचं कधी सांगितलं?

शनिवार, २२ नोव्हेंबर
तळ्याला जाऊन ऑइल घालून आणलं. दयारामने झाकण लावलं, तेव्हा ऐटीत सांगितलं, "दर रविवारी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवते, टर्बो थंड होईपर्यंत."
तो हसायलाच लागला. "अहो वहिनी, घाटातून दामटून आणलीत तर ठेवा मिनिटभर. दारात उभ्या गाडीचा टर्बो तापतोच कुठे, थंड काय करायचाय? उलट उभ्या-उभ्या जाळलीत तर काजळी धरेल. त्यापेक्षा दिघीपर्यंत चक्कर मारून आणा."
असा राग आला! एवढं डिझेल फुकट! दिघीपर्यंत दामटली गाडी. धक्क्याला आगरदांड्याची फेरीबोट नुकतीच लागली होती, उतरणाऱ्या माणसांकडे बघत बसले. सुजित त्यांत नसणार हे ठाऊक होतं, तरी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत होते.
आणि तिथेच डोक्यात आलं. जो माणूस वर्षानुवर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काम करतो, त्याला हे माहीत नाही? दयारामला कळतं ते सुजितला कळत नाही?

रविवार, २३ नोव्हेंबर
फोन नाही. रेंज नसेल. नसेलच.

रविवार, ३० नोव्हेंबर
आला. "गाडी चालू कर, फोन बॉनेटवर ठेव." बरं म्हटलं.
चावी लावलीच नाही. फोन तेवढा बॉनेटवर ठेवला आणि आईंजवळ बसून बिरड्याचे वाल सोलले. आईंनी त्याच्या लहानपणीची खोडी सांगितली, मी खो-खो हसले. तांबडी आली, तिला हाकललं. पंधरा मिनिटांनी फोन उचलला.
"काय हो, कसा वाटतोय आवाज?"
मागे ताटल्या वाजत होत्या. मग हळूच म्हणाला, "एकदम बरोबर आहे. इतक्यात बंद करू नकोस."