कुमसारासाठी मराठी फादर

अल अझीझिया, दोहा
१३ फेब्रुवारी २००४

चि. सॅमस, ताईचे अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं. फोटो छान आहेत, फक्त प्रत्येक फोटोत मधोमध तुझी नवी गाडी आणि कडेला आम्ही. नाताळात तुझ्याकडून लास वेगासला जाताना पाच तास नुसती वाळू बघून पप्पा म्हणाले होते ना, की वाळूच बघायची होती तर दोह्याहून विमानाने कशाला आणलंत? ते आठवून तुझे भाओजी ब्रेंडन अजून हसतात.

एक फोटो तू मुद्दाम पाठवला नाहीस, पप्पा कसिनोत मशीनसमोर बसलेत तो. बरं केलंस. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला, मटका खेळतो म्हणून गावच्या पास्कूला पॅरिशच्या सोसायटीतून काढायला लावणारा माणूस हातात नाण्यांचा कप घेऊन कवळी दिसेपर्यंत हसतोय, आणि शेजारी तुझे सासू-सासरे! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता काळजीची गोष्ट. आई गेल्यावर पप्पांना इथे आणलं, त्याला दोन वर्षं झाली. आतापर्यंत चांगले रमले होते. पण अमेरिकेहून आल्यापासून गप्प आहेत. टीव्ही लावू का, असं मला विचारतात. शुक्रवारच्या सुटीत मिस्साच्या प्रार्थनेला सगळे कम्युनियनची भाकर घ्यायला वेदीकडे जातात, तेव्हा हे बाकावरच बसून राहतात. गुडघा दुखतो म्हणतात. आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, चाळिशीतल्या माणसाचा गुडघा आहे. मग दुखतं काय? एका घरात राहून माझ्याशी बोलत नाहीत तेवढं तुला पत्रात लिहितात. तेव्हा काय ते तूच कळव.

सौ. शैलजाला आशीर्वाद. आमच्यावर माया असू दे, आणि उत्तर तुझ्या नेहमीच्या चालीने तीन महिन्यांनी नको.
तुझी,
जोस्लीन


लॉस एंजेलिस
१ मार्च २००४

प्रिय ताईस, सॅमचा स. न. वि. वि.

बघ, तुमच्या दोह्यातल्यासारखं ‘यल्ला, चल लवकर’ म्हणताच उत्तर पाठवलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

ताई, पप्पांचा गुडघा दुखत नाही. आखातात कुठे मराठी जाणणारा फादर आहे का, त्यांना कुमसार करायचा आहे, फादरसमोर पाप कबूल करायचं आहे, असं त्यांनी मला जानेवारीतच लिहिलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस असेल. तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी कसिनोत तू त्यांना दंडाला धरून उठवलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस की या वयात जुगार खेळताय, आता कुमसारात सांगितल्याशिवाय वेदीसमोर जाऊ नका. तू रागाच्या भरात बोललीस आणि जेवायला बसेपर्यंत विसरलीस. ते विसरले नाहीत. तुझी आज्ञा पाळताहेत.

दोह्यात फादर इंग्लिशमध्ये कुमसार ऐकतात. पप्पांचं इंग्लिश बँकेपुरतं आणि पेपर वाचण्यापुरतं. आपली चूक त्यांना मराठीतूनच सांगता येते. दोन महिने ते उपाशी माणसासारखे त्या बाकावर बसलेत आणि आपण त्यांचा गुडघा तपासतोय.

सगळा दोष तुझ्यावर ढकलत नाही. सासऱ्यांसमोर तमाशा नको म्हणून मीही मूग गिळून बसलो. त्याची मला लाज वाटते. तो फोटो सोबत पाठवतोय. पप्पांना असं हसताना आपण याआधी कधी पाहिलं होतं, मला तरी आठवत नाही.

भाओजींना नमस्कार, व्हॅलेरीला गोड पापा. रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.
तुझा,
सॅम


दोहा
२८ मार्च २००४

चि. सॅम, अनेक आशीर्वाद.

रागावू कोणावर? तुझं पत्र बाथरूममध्ये बसून वाचलं आणि नळ सोडून रडले.

पप्पांना म्हणाले की मी सहज बोलून गेले होते, मनावर घेऊ नका. ते म्हणाले, अशा गोष्टी सहज बोलायच्या नसतात. मग मी आणखी शहाणपणा केला. म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते, तुम्ही मराठीत सांगा, मी फादरना इंग्लिश करून सांगते. हॉस्पिटलात रोज पेशंटचं दुखणं डॉक्टरांना सांगते ना, तीच सवय! त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सॅम, कुमसारातसुद्धा मी त्यांना एकटं सोडायला तयार नव्हते, हे मला त्या नजरेने कळलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

ईस्टरच्या आत कुमसार व्हावा म्हणून परवा त्यांना घरी वसईला जायला विमानात बसवलं. व्हॅलेरी त्यांच्याशी कायम इंग्लिशमध्ये बोलते, पण एअरपोर्टवर मराठीत म्हणाली की आजोबा, लवकर या. सहा महिन्यांच्या आत आले नाहीत तर त्यांचा इथला व्हिसा बाद होतो, म्हणून सप्टेंबरच्या वीस तारखेचं परतीचं तिकीट त्यांच्याजवळ दिलंय. ते येतील ना रे? मला त्यांची फार सवय झाली आहे. सकाळी ड्यूटीवरून आले की दार तेच उघडायचे.

तुझ्या पत्राची वाट बघते. माझ्यासाठी प्रार्थना कर.
जोस्लीन


वसई
१८ एप्रिल २००४

चि. सौ. जोस्लीनीस, पप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रवास सुखाचा झाला. घर शेजाऱ्यांनी झाडून ठेवले होते. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी रांगेत उभा राहून कुमसार केला. मशीनचे सगळे सांगितले. फादरनी विचारले की कोणाचे पैसे बुडवलेत काय, कोणाला फसवलेत काय. नाही म्हणालो. मग म्हणाले की मास्तर, याला मी पाप धरीत नाही, पुढचे सांगा.

पुढचे सांगितले. गुडघ्याचे खोटे बोललो आणि तुला एक्स-रेच्या खर्चात पाडले. तुझ्या घरी तुझे अन्न खात होतो आणि तुझ्यावर मनात राग धरून होतो. त्यासाठी फादरनी प्रायश्चित्त दिले की मुलीला पत्र लिहून क्षमा मागा. ती मी मागतो. ईस्टरला कम्युनियन घेतले.

आणखी एक सांगायचे आहे. ते फादरनी सांगितलेले नाही. तुझ्या मावशीच्या लग्नात तुझी आई मांडवात बायकांमध्ये बसून मोठ्याने हसत होती. मी सर्वांसमोर तिला म्हणालो की मास्तरांच्या बायकोला हे शोभत नाही. पुढे सत्तावीस वर्षे संसार केला, पण तशी ती पुन्हा हसली नाही, आणि मीही कधी विचारले नाही. तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि तिच्या शेजारी बसली होतीस. कसिनोत तू मला उठवलेस तेव्हा तुझा आवाज मला ओळखीचा वाटला. तो माझाच होता. मुली, त्या आवाजाचा दोष मी तुला कसा देऊ?

सप्टेंबरचे तिकीट परत कर. व्हिसा बाद होईल तर होऊ दे. तुझ्यावरचा राग केव्हाच गेला. पण तुझ्या आईची क्षमा मागायची राहिली आहे, आणि ती इथल्या कबरस्थानात आहे. रोज संध्याकाळी जातो. दोह्याहून ते होणार नाही.

श्री. ब्रेंडनना आशीर्वाद, व्हॅलेरीस पापा. म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
तुझे,
पप्पा