नखं कापताना ऐकलेलं

आई,

तू जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तर ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. मध्ये बोलायची तुला फार खोड. माझी साठी जवळ आली आहे. लंडनमध्ये हाउन्सलोला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नोकरी करते, वर विमानं, खाली बस, आणि संध्याकाळी एक खोली. तुझी नात क्रॉयडनला असते. फोनवर मराठीत सुरुवात करते आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीत जाते. रविवारी ती येईल म्हणून भात जरा जास्त टाकते आणि सोमवारी तोच फोडणीचा करून खाते.

सात नंबरच्या खोलीत एक म्हातारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून इथे आला, चाळीस वर्षं रेल्वेत राबला, बायको गेली, मूलबाळ नाही. मी खोलीत शिरले की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" आई, या देशात मला तीस वर्षांत दुसऱ्या कुणी हे विचारलेलं नाही. चहाबरोबरच्या बिस्किटातलं अर्धं तो बशीत माझ्यासाठी ठेवतो आणि मी खाईपर्यंत बघत बसतो. मी इंडियन म्हणजे हिंदू, असं इथे सगळे धरून चालतात, तोही. मी कधी दुरुस्त केलं नाही. आपण बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले यहुदी, हे चहाच्या सुट्टीत कुणाकुणाला समजावत बसायचं?

एके दुपारी मी त्याची नखं कापत होते. हात माझ्या हातात, आणि तो बोलायला लागला. गावाचं नाव सांगितलं, महिना सांगितला, सार्जंटचं नाव सांगितलं. गावातल्या यहुदी लोकांना गोळ्या घालायला पाइनच्या रानात नेलं, म्हणाला, आणि रांग लावायचं काम माझं. एका बाईने तिचं बाळ माझ्याकडे दिलं, तिला वाटलं मी धरीन.

"मग?" मी विचारलं.

"मी धरलं नाही," तो म्हणाला. मग दुसरा हात पुढे करून म्हणाला, "आज चहाला उशीर झाला का गं?"

झाला होता. खरंच दहा मिनिटं उशीर झाला होता, इतकं त्याचं डोकं ताळ्यावर होतं. मी दुसऱ्या हाताची नखं कापली. तीही नीट कापली, कोपऱ्यात जाऊन. मग ऑफिसात जाऊन रोजच्या फाइलमध्ये लिहिलं: दुपारी गोंधळलेले होते, असंबद्ध बोलले. एवढंच.

तुला आठवतं, मी शिकाऊ नर्स असताना, तू सिस्टर होतीस त्याच वॉर्डात चार पेशंटचा ताप अंदाजाने लिहून ठेवला होता? तू सगळ्यांसमोर तो कागद फाडलास आणि म्हणालीस, "हात लावल्याशिवाय लिहायचं नाही. तुझ्या लिहिण्यावर उद्या कुणी औषध देईल." मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. मला वाटायचं, एवढ्या तेवढ्यासाठी आकांडतांडव. आणि या खेपेला तर मी हात लावला होता.

महिन्याभरात पोलीस आले. साध्या कपड्यातले दोघे, फार अदबीने बोलणारे. कुठल्याशा जुन्या सरकारी दप्तरात त्याचं नाव सापडलं होतं. फाइल घेऊन गेले. पुढे कोर्टात खून झाले की नाही हा प्रश्न आलाच नाही. आधी एकच गोष्ट ठरवायची होती, की या माणसाचं डोकं खटल्याला उभं राहण्याजोगं आहे का. डॉक्टरांची दोन मतं पडली, आणि मग त्याच्या बॅरिस्टरने माझ्या अक्षरातला तो कागद काढला.

मला साक्षीला बोलावलं. काळा झगा घातलेल्या पट्टेवाल्याने हळूच विचारलं, "गीता देऊ?" त्याच्यासमोर टेबलावर सगळ्यांचे ग्रंथ ओळीने ठेवले होते, आपलाही. मी म्हटलं, ग्रंथ नको, नुसतं वचन देते. आपला ग्रंथ हातात घेतला असता तर मला खोटं बोलता आलं नसतं, म्हणून नको म्हटलं. हे कळून केलं, आई. बॅरिस्टरने विचारलं, त्या दुपारी ते काय म्हणाले? मी म्हटलं, काही अर्थ लागण्यासारखं नव्हतं. तो काचेमागे बसला होता आणि माझ्याकडे बघून मान हलवत होता, मी बिस्कीट खाल्लं की हलवतो तशी.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, थर्मास घेऊन रोज उत्तर लंडनहून यायच्या. त्या रानातून वाचलेल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही त्याच्या होममधल्या ना? त्याला झोप लागते का?" मी म्हटलं, हो, लागते. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला. मी तो प्यायले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, मन:स्थिती योग्य नाही, खटला थांबवावा. बाईंनी जाताना पत्ता लिहून दिला, कधी या म्हणाल्या.

मला तो डॉक्टर आठवतो, तुझ्या वॉर्डातला, युरोपातून एकटाच वाचून आलेला. शुक्रवारी आपल्याकडे जेवायला यायचा. चौकटीवरच्या मेझुझाला, त्या प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावायचा, ओठांना लावायचा आणि तिथेच उभा राहायचा. तू म्हणायचीस, "डॉक्टर, आत या, भाकरी गार होतेय." मी लहान होते, मला त्याचं हसू यायचं. आपल्याला कोकणात कधी कुणी बोट लावलं नव्हतं, मला काय कळणार होतं?

आधी मी मनाची समजूत घातली होती, म्हातारं माणूस, उरले किती दिवस, दया केली. सगळं झूट. दया असती तर त्या बाईंचीही आली असती. त्याला नेलं असतं तर मी शिरल्यावर मान वर करून बघणारं कुणी उरलं नसतं, म्हणून लिहिलं. एवढ्याशासाठी.

बाईंचा पत्ता पर्समध्ये आहे. त्या अजून आहेत, तोही सात नंबरमध्येच आहे, आणि मी खरं सांगितलं तर सगळं पुन्हा उघडू शकतं, असं कोर्टातल्या एका वकिलाने मला सांगितलं आहे. हे सगळं त्यांना लिहायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तू उत्तर देणार नाहीस. उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे आणि खरं सांगते, मला जावंसं वाटतंय.