पहिले तीन सेकंद

गुरुवार, १४ मार्च

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला हात वळला नाही, तेवढं समजून घ्या. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचं शिवणाचं दुकान चालू आहे, गुडघे मात्र कुरकुरतात. तुमची बेकरी छान चालली आहे हे मला माहीत आहे. कसं, ते सांगते.

तुम्ही दुकानासाठी जे सॉफ्टवेअर घेतलंत, मालाचा साठा आणि ऑर्डरी सांभाळणारं, त्याच्या जाहिराती आमचं ऑफिस करतं. म्हणजे मीच करते. लोक फोनवर बोट सरकवत असतात, पहिल्या तीन सेकंदांत ते बोट थांबवायचं, एवढंच माझं काम. जाहिराती चालत नव्हत्या. साहेब म्हणाले, “तुझ्या त्या आकड्यांना नि तक्त्यांना कुत्रं विचारत नाही. खरी गिऱ्हाइकं दाखव.” मग कंपनीने खूश दुकानदारांचे व्हिडिओ पाठवले. मी मजेत, पाय खुर्चीवर घेऊन एकेक बघत होते. त्यात तुम्ही निघालात.

केस पांढरे, पोट सुटलेलं, पण बोलण्याआधी कानाची पाळी ओढायची सवय तीच. शिलाई मशीनचा पट्टा आणतो म्हणून गेलात तेव्हा मी शाळेत होते. आईने दवाखाने, पोलीस ठाणी, सगळं पालथं घातलं. अजूनही अनोळखी नंबरचा फोन आला की ती हातातलं टाकून धावते. आणि इथे तुम्ही पिठाचा हात ॲप्रनला पुसत हसताय! मी व्हिडिओ बंद केला, पुन्हा लावला. शेजारी बसणारीने विचारलं, “काय गं, भूत पाहिलंस का?” मी हो म्हटलं. ती हसली.

मग तुम्ही ते वाक्य बोललात. “आता माझी एकुलती एक मुलगी फोनवर बघते आणि सांगते, बाबा, मैदा संपत आलाय.” मागे ती उभी होती, वेणी पुढे घेतलेली, लाजत. गोड आहे हो. तिच्यावर राग धरायचा खूप प्रयत्न केला, जमलं नाही.

आमच्याकडे एकाच व्हिडिओच्या तीन-चार जाहिराती बनवतात, प्रत्येकीची सुरुवात वेगळी. थोड्या लोकांना दाखवायच्या आणि कुठे बोट थांबतं ते बघायचं. मी भट्टीपासून सुरुवात केली, पावांच्या रांगेपासून केली, तुमच्या हसण्यापासूनसुद्धा केली. ते वाक्य मात्र कापून टाकलं. सगळं आपटलं. साहेबांनी मूळ व्हिडिओ मागवून पाहिला आणि टेबलावर हात मारला. “अगं, सोनं सोडून काय बसलीस! ‘माझी एकुलती एक मुलगी’, इथून सुरू कर.” मी स्वतःच्या हाताने ते वाक्य उचलून पुढे लावलं. बाबा, लोक थांबले. धडाधड थांबले. एवढी चाललेली जाहिरात मी आजवर केली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

सोमवारपासून ती सगळीकडे दिसणार आहे. कुणाला, तर पन्नाशी उलटलेल्या छोट्या दुकानदारांना. म्हणजे आईलाच की! मी घाईघाईने तिचा नंबर वगळला आणि सुटले असं समजले. पण उशीर झाला होता. चाचणीसाठी निवडलेल्या त्या थोड्या लोकांतच ती होती.

काल घरी आले तर मशीन बंद ठेवून ती नुसती बसली होती. फोन पुढे केला. “ही तूच केलीस ना?” तुम्ही बोलत होतात, थांबत होतात, पुन्हा पहिल्यापासून बोलत होतात. मी मान डोलावली.

मला वाटलं, आता ती कोसळते. “जिवंत आहे. बरं झालं,” एवढंच म्हणाली. मग चष्मा काढला, आणि तिचा आवाज इतका चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. “मला विसरला, विसरू दे. पण एकुलती एक? सगळ्या जगासमोर? लिही त्याला. म्हणावं, ही पोर मी एकटीने नाही जन्माला घातली.” तुमचा उल्लेख तिने आजवर कधी एकेरी केला नव्हता.

म्हणून हे पत्र. परत या असं आम्ही म्हणत नाही, आणि आम्हाला काही नको. शनिवारी आमचा कॅमेरावाला तुमच्याकडे येईल. आवाज नीट आला नव्हता अशी थाप मी साहेबांना मारली आहे. सगळं तेच बोला, मैद्याचंसुद्धा. फक्त ते दोन शब्द गाळा. त्यांच्या जागी ‘धाकटी’ म्हणा. जाहिरात आपटली तर आपटू दे, साहेबांना मी बघून घेईन.

आणि कॅमेरा लावायच्या आधी तिला घरात, समोर बसवून सांगा. माझ्यासारखं तिला ते फोनवर कळायला नको.

तुमची
थोरली